पहिल्या सेशनला काय सांगू, किती सांगू?

पत्र:

"ताई, मी ३६ वर्षांचा आहे. गेले काही महिने पहाटे तीनला जाग येते ती येतेच, मग झोप नाही. रविवारची संध्याकाळ झाली की छातीत आवळल्यासारखं होतं, घरी मुलांवर उगाच खेकसतो. डॉक्टरांनी ईसीजी, रक्ताच्या टेस्ट सगळं करून घेतलं, सगळं नॉर्मल आलं, मग त्यांनीच एका प्रायव्हेट सायकॉलॉजिस्टचं नाव दिलं. येत्या गुरुवारी पहिली अपॉइंटमेंट आहे. मी फोनमध्ये मुद्दे लिहून काढलेत, चार पानं झालीत, कारण फी बघता तास वाया घालवायचा नाहीये. पण आत्तापासूनच पोटात गोळा येतोय. तिथे नक्की काय होतं? रडू आलं तर? त्या मॅडम गोळ्या देतील का? ऑफिसात कळेल का? किती महिने चालतं हे? आणि एक गोष्ट, त्यांनी आधी भरायला एक फॉर्म पाठवला होता, त्यात नववा प्रश्न होता की मेलेलं बरं असे विचार येतात का. मी शून्य टाकलं. खरं म्हणजे सकाळी जागच आली नाही तर बरं होईल असं कधीकधी वाटतं. पण ते लिहिलं तर ॲडमिट करतील, बायकोला फोन लावतील अशी भीती वाटली. बायकोला मी यातलं काहीच बोललेलो नाही. सांगू का?"

उत्तर:

अरे, पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तू 'आणि एक गोष्ट' म्हणून शेवटी सरकवलायस, म्हणून मी तिथूनच सुरू करते. गोळ्या, फी, ऑफिस सगळं नंतर बघू.

तो फॉर्म बहुतेक पीएचक्यू-९ असणार, म्हणजे डिप्रेशनचा अंदाज घ्यायची प्रश्नावली. नऊ प्रश्न, गेल्या २ आठवड्यांत हे किती वेळा झालं असं विचारतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण जास्तीत जास्त २७. झोप, भूक, थकवा, कशात मन न लागणं असं करत करत नवव्याला तो प्रश्न येतो. १० किंवा जास्त आले तर जरा नीट लक्ष द्यायला हवं असा साधारण संकेत आहे, पण ते निदान नाही, नुसता पहिला अंदाज आहे, आणि अनुभवी माणूस त्या आकड्यावर विसंबून बसत नाही. मी स्वतः याच कामात आहे, आणि तुला सांगते, नवव्या प्रश्नाला शून्य टाकून आलेले आणि समोर बसल्यावर अर्ध्या तासाने 'तसं म्हणजे अगदीच नाही असं नाही' म्हणणारे लोक आम्हाला अजिबात नवीन नाहीत, त्यामुळे खोटं पकडलं जाईल, मॅडम काय म्हणतील वगैरे डोक्यातून काढून टाक.

आता ॲडमिटचं. 'जागच आली नाही तर बरं' असं वाटणं आणि 'अमक्या दिवशी अमुक करायचं' असं ठरवणं यात खूप अंतर आहे, आणि ते अंतर नेमकं किती आहे हे बघायचं शिक्षणच आम्ही घेतलेलं असतं. म्हणजे त्या मॅडम तुला विचारतील की हा विचार आठवड्यातून किती वेळा येतो, आला की किती वेळ राहतो, कसं करायचं हे कधी मनात ठरवलंयस का, त्यासाठी लागणारं काही हाताशी आहे का, पूर्वी कधी असा प्रयत्न झालाय का, प्यायल्यावर हे वाढतं का, आणि विचार आला तरी तुला थांबवतं काय. सरळ विचारतील, आडून आडून नाही. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं, इतकं उघड कसं काय विचारतात असं वाटतं, पण असं विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरतो ही जी भीती आहे ती अभ्यासांमध्ये खरी ठरलेली नाही, आणि बहुतेकांना तर विचारलं गेल्यावर हायसंच वाटतं कारण इतके दिवस ते एकट्याने वागवत असतात.

धोका अगदी तोंडाशी आलाय आणि माणूस स्वतःला सांभाळू शकणार नाही असं दिसतं तेव्हाच हॉस्पिटलचा विषय निघतो. तुझ्यासारखं सांगणाऱ्या बऱ्याच लोकांच्या बाबतीत होतं काय, तर दोघं बसून एका कागदावर एक साधा प्लॅन लिहितात. विचार वाढायला लागला हे मला कशावरून कळतं (तुझ्या बाबतीत कदाचित पहाटे तीनची जाग), तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कुणाला फोन करू शकतो, डॉक्टर किंवा हेल्पलाइनचा नंबर कुठला, आणि घरात जे धोकादायक असेल ते कुणाकडे देऊन ठेवायचं. तो कागद तू घरी घेऊन जायचा. एवढंच असतं ते, पण पहाटे तीनला डोकं चालत नसतं तेव्हा लिहून ठेवलेल्या चार ओळी फार कामाला येतात.

आणि हे मात्र नीट वाच. गुरुवारच्या आत हा विचार बदलला, म्हणजे कसं करायचं हे मनात घोळायला लागलं, तयारी करावीशी वाटली, निरोपाचं काही लिहावंसं वाटलं, तर गुरुवारची वाट बघायची नाही. त्याच क्षणी घरातल्या माणसाला उठवायचं, जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं किंवा हेल्पलाइनला फोन करायचा. मला पत्र लिहीत बसू नकोस तेव्हा, माझं उत्तर यायला वेळ लागतो.

तसं काही नसेल तर गुरुवारी एकच वाक्य घेऊन जा: "फॉर्ममधला नववा प्रश्न मी खरा भरला नव्हता." पहिल्या दहा मिनिटांत हे बोलून टाक. सुरुवातीलाच का, तर ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती असते ती माणूस पंचेचाळीस मिनिटं मागे ढकलत नेतो आणि वेळ संपत आली, चपला घालायची वेळ आली की दारात उभा राहून बोलतो. हे इतकं नेहमीचं आहे की आमच्या कामात शेवटची पाच मिनिटं आली की आपोआप कान टवकारले जातात. पण दारात बोललेल्या गोष्टीला वेळ देता येत नाही, बाहेर पुढचा माणूस येऊन बसलेला असतो, आणि तू घरी जाऊन आठवडाभर विचार करत बसतोस की बोललो ते बरं केलं की वाईट. शेवटी काय, पत्रातही तू तेच केलंयस.

आता ती चार पानं. इंटरव्ह्यूला निघालेल्या उमेदवारासारखी तयारी चाललीय तुझी, आणि कारण कळतंय मला, पैसे मोजतोय तर पुरेपूर वसूल व्हायला हवेत. पण ती पानं तिथे वाचून दाखवायला लागलास तर होईल काय की तू फोनकडे बघत वाचत राहशील, मॅडम ऐकत राहतील, आणि सगळा तास सुसंगत, नीटनेटका, कुठेही न अडखळता जाईल आणि बाहेर पडल्यावर तुलाच वाटेल की बोललो सगळं पण काही झालं नाही. पानं ने, जरूर ने, वाटलं तर आधीच त्यांना पाठवून दे, पण मग फोन खिशात ठेव. आम्हाला मुद्द्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं ते म्हणजे कुठल्या मुद्द्यावर तुझा आवाज बदलतो, कुठे तू पटकन हसून पुढे जातोस, कुठला मुद्दा तू 'ते सोडा, ते काही एवढं नाही' म्हणून ओलांडतोस. ते कागदावर येत नाही. 'कुठून सुरुवात करू कळत नाहीये' असं म्हणालास तरी ती सुरुवातच झाली. ते ऐकून कुणी कंटाळत नाही.

पहिला तास तसाही निम्मा चौकशीतच जातो. तास म्हणतात पण असतो ४५ ते ५० मिनिटांचा, उरलेल्या वेळात नोंदी लिहायच्या असतात आणि एक घोट पाणी प्यायचं असतं. आधी एक संमतीपत्र असेल, ते न वाचता सही करू नकोस, त्यात गोपनीयता, फी, अपॉइंटमेंट रद्द करायचे नियम, नोंदी किती काळ आणि कुठे ठेवतात हे सगळं असतं. मग प्रश्न सुरू: त्रास कधीपासून, तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं, झोप कशी, भूक कशी, दारू-सिगरेट किती (इथे सगळे निम्मंच सांगतात, तू तरी पूर्ण सांग), चालू गोळ्या कुठल्या, घरात कुणाला असा त्रास होता का, लहानपण कसं गेलं, कामाचं स्वरूप काय, जवळचं असं कोण आहे. ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट केलेस ते उत्तम केलंस, ते घेऊन जा, कारण थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी झालं की थकवा, धडधड, चिडचिड असलं बरंच काही होतं आणि ते आधी बाजूला काढलेलं असलं की आमचा गोंधळ कमी होतो. प्रश्न विचारत असताना मॅडम लिहून घेतील, तेव्हा त्यांचं लक्ष नाही असं समजू नकोस. आणि सोफ्यावर आडवं व्हायचं वगैरे काही नसतं, ते फ्रॉइडच्या काळापासूनचं चित्र आहे, सिनेमावाल्यांनी ते सोडलंच नाही. दोन खुर्च्या, जरा तिरक्या मांडलेल्या, बस.

रडू आलं तर रड. टिश्यूचा डबा तिथे उगाच नसतो. नाही आलं तरी काही बिघडत नाही, कितीतरी जण महिनोन् महिने कोरडे बसतात आणि तरी काम होतं. मधेच शांतता पडेल, दहा-पंधरा सेकंद कुणीच बोलणार नाही, तुला वाटेल आता आपण काहीतरी बोललं पाहिजे. नाही बोललं तरी चालतं. त्या मॅडम मुद्दामच थांबलेल्या असतील, कारण बऱ्याचदा त्या पंधरा सेकंदांनंतर जे येतं ते आधीच्या पंधरा मिनिटांत आलेलं नसतं.

एक मात्र अपेक्षा ठेवू नकोस की त्या सांगतील 'नोकरी सोड' किंवा 'बॉसला असं बोल'. असे रेडीमेड सल्ले देणं हे सदर लिहिणाऱ्या माझ्यासारखीचं काम, थेरपिस्टचं नाही. त्या विचारतील, जोडून दाखवतील, तुझंच वाक्य तुला परत ऐकवतील, आणि हो, घरचा अभ्यासही देतील. तुझी लक्षणं बघता, म्हणजे झोप, रविवारची धास्ती, चिडचिड, बहुधा सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत) पद्धतीने काहीतरी सुरू होईल. ॲरन बेक नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात ती मांडली. मूळचा तो फ्रॉइडचं मनोविश्लेषण शिकलेला, पण डिप्रेशनच्या पेशंट्सचं ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं की या लोकांच्या डोक्यात स्वतःबद्दल काही वाक्यं आपोआप झरझर येऊन जातात, त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो आणि मूड मात्र त्यांच्यामागून पडतो.

ते प्रत्यक्षात कसं दिसतं बघ. तुला वहीत रकाने आखायला सांगतील. पहिल्यात प्रसंग: रविवार, संध्याकाळी सहा, फोनवर बॉसचा मेसेज, 'उद्या सकाळी बोलू.' दुसऱ्यात मनात काय आलं: 'काहीतरी चुकलंय, आता जाणार नोकरी.' तिसऱ्यात शरीर आणि भावना: छातीत आवळलं, भीती, १०० पैकी ८०. मग या विचाराच्या बाजूने पुरावा काय आणि विरुद्ध काय. विरुद्धच्या रकान्यात तू लिहिशील की मागच्या वेळीही 'उद्या बोलू' आलं होतं आणि ते सुट्टीच्या तारखांबद्दल निघालं. शेवटी जरा समतोल वाक्य, आणि भीती पुन्हा मोजायची. ती ८० वरून शून्यावर येत नाही, ५० वर येते, आणि पहिल्या आठवड्यात तुला हा सगळा प्रकार शाळकरी वाटेल, मी तर म्हणते वाटणारच, पण दोन-तीन आठवडे वही भरली की तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा दिसायला लागतं आणि खरं काम तिथे सुरू होतं. जे वही भरत नाहीत ते पुढच्या सेशनला आठवड्याचा वृत्तांत सांगतात आणि वेळ संपतो. तू म्हणतोस ना तास वाया घालवायचा नाही, तर वाया जाण्याचा खरा मार्ग हा आहे. आणि नाही जमली भरायला तर सेशन रद्द करून घरी बसू नकोस, जाऊन सांग की नाही भरली, का नाही भरली यावरच पाऊण तास जाऊ शकतो आणि तोही कामाचाच असतो.

झोपेची डायरी वेगळी. किती वाजता आडवा झालो, किती वाजता जाग आली, जाग आल्यावर अंथरुणात किती वेळ लोळलो. ही आजपासूनच सुरू केलीस तरी चालेल, गुरुवारी आयती हातात असेल, त्या चार पानांपेक्षा जास्त उपयोगाची.

पद्धती इतरही भरपूर आहेत. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या परंपरेतले थेरपिस्ट कमी विचारतात आणि जास्त ऐकतात, काही जण बालपणात खोल जातात, मोठ्या मानसिक आघातासाठी ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करवत त्या आठवणींवर काम करायची पद्धत) वगैरे. तू नावांच्या मागे लागू नकोस. पण 'तुम्ही कुठल्या पद्धतीने काम करता आणि माझ्यासाठी ती का' हे विचार, चांगला माणूस दोन-तीन साध्या वाक्यांत सांगू शकतो. सोबतच शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली प्रशिक्षण झालं, तिथल्या कायद्याप्रमाणे नोंदणी आहे का, हेही विचार. यात उद्धटपणा काही नाही. बऱ्याच ठिकाणी 'कोच' किंवा 'काउन्सेलर' अशी पाटी कुणीही लावू शकतं आणि लावतातही.

आता मॅडम आवडल्याच नाहीत तर? १९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे जायचंय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचंय यावर एकमत, आणि एकमेकांवर भरवसा. त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय की पद्धत कुठलीही असो, हे नातं जमलं असेल तर फायदा होण्याची शक्यता जास्त. म्हणून पहिल्या सेशनमधून बाहेर पडल्यावर 'बरं वाटलं का' हे स्वतःला विचारू नकोस, बहुतेकांना तेव्हा थकल्यासारखं वाटतं. असं विचार की या बाईंनी माझं ऐकलं का, आणि यांच्यासमोर मी लाज वाटणारी गोष्ट बोलू शकेन का. पहिल्याच भेटीत पक्कं उत्तर येणार नाही, दोन-तीन भेटी दे. आणि त्यात काही खटकलं, म्हणजे त्यांचं एखादं वाक्य लागलं, त्या घड्याळाकडे बघतायत असं वाटलं, घरचा अभ्यास मूर्खपणाचा वाटला, तर ते त्यांनाच सांग. आपल्याला वाटतं चांगल्या माणसाला कशाला दुखवायचं, मग गप्प राहायचं आणि एक दिवस फोन उचलणंच बंद करायचं. थेरपीत नेमकं उलटं करायचं असतं. 'मागच्या वेळी तुम्ही असं म्हणालात, मला राग आला' हे वाक्य बोलून बघ, चांगली थेरपिस्ट ते ऐकून सावरून बसते, रागावत नाही. आणि तुझ्याबाबतीत तर मी पैज लावते की जो माणूस ऑफिसात गप्प बसून घरी मुलांवर खेकसतो त्याला समोरच्याला तोंडावर नाराजी सांगायची सवय नाहीये, मग ती तिथे केलेली बरी, तिथे नोकरी जात नाही.

नुसतं खटकणं वेगळं आणि सरळ उठून निघण्यासारखं वेगळं. चार सेशनमध्ये शंभर टक्के बरं करते अशी गॅरंटी देणारी, दुसऱ्या क्लायंटचे किस्से ओळखू येतील असे सांगणारी, निम्मा वेळ स्वतःचंच सांगणारी, चालू गोळ्या परस्पर बंद करायला लावणारी, काहीतरी विकायला बघणारी, यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस. शारीरिक जवळीक तर कुठल्याही कारणाने, कुठल्याही पद्धतीच्या नावाखाली चालत नाही, ते झालं तर तक्रारच करायची.

गोळ्यांचं थोडक्यात: सायकॉलॉजिस्ट बहुतेक ठिकाणी औषधं लिहून देत नाहीत, ते काम सायकियाट्रिस्टचं, म्हणजे जे आधी एमबीबीएससारखं डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन मग या विषयाकडे आलेले असतात त्यांचं. मॅडमना गरज वाटली तर त्या तिकडे पाठवतील, आणि पाठवलं म्हणजे केस हाताबाहेर गेली असं नसतं. कित्येकदा दोन्ही एकत्र चालतं आणि चांगलं चालतं.

ऑफिसात कळेल का? तू सांगितल्याशिवाय नाही, फक्त बिल ऑफिसच्या विम्यातून किंवा ऑफिसच्या स्कीममधून जाणार असेल तर कुठली माहिती कुणाकडे जाते हे आधी विचारून घे. गोपनीयतेला काही अपवाद असतात आणि ते पहिल्याच भेटीत सांगितले गेले पाहिजेत: तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला खरा धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, किंवा कोर्टाने आदेश दिला असेल. दुसऱ्याच्या जिवाचा जो अपवाद आहे त्याची चर्चा गाजली ती कॅलिफोर्नियातल्या टारासॉफ खटल्यामुळे, तिथे एका विद्यार्थ्याने एका मुलीला मारणार असं थेरपिस्टला बोलून दाखवलं होतं, पोलिसांना कळवलं गेलं पण तिला किंवा घरच्यांना कुणी सावध केलं नाही, आणि १९६९ मध्ये त्याने तिला खरंच मारलं. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा वेळी ज्याच्यावर धोका आहे त्याला वाचवण्यासाठी पावलं उचलणं थेरपिस्टचं कर्तव्य आहे. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, म्हणून 'तुम्ही कुठल्या परिस्थितीत कुणाला कळवाल' हा प्रश्न तूच विचार, म्हणजे नवव्या प्रश्नाचं बोलायच्या आधी तुला हद्द माहीत असेल. अजून एक, मॅडम तुझी केस नाव न सांगता एखाद्या सिनियरशी बोलू शकतात, ती आमच्यात चांगली सवय मानतात. आणि कधी दुकानात बिकानात समोरासमोर आलात तर त्या ओळख दाखवणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस, तू हसलास तर त्याही हसतील, पण सुरुवात तुझ्यावर सोडतात.

किती दिवस चालेल? सीबीटीसारखी ठरीव पद्धत असेल तर साधारण ६ ते २० सेशन, सुरुवातीला आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी. जुन्या, खोलवरच्या गोष्टी निघाल्या तर जास्त. चार-पाच सेशननंतर 'आपण कुठवर आलो' हे दोघांनी बसून बघायला हवं, त्यांनी नाही काढलं तर तू काढ. मधे एखादा आठवडा आधीपेक्षा वाईट जाईल, इतके दिवस दाबून ठेवलेलं वर आलं की जातोच, ते मॅडमना सांग, पण चार-पाच आठवडे घसरणच चालू असेल तर ते 'असंच असतं' म्हणून सोडायचं नाही. पैशाची ओढाताण व्हायला लागली तर गुपचूप गायब होण्यापेक्षा तसं बोल, काही जण फी कमी करतात, काही जण अंतर वाढवतात, काही जण कमी फीच्या संस्थेचं नाव देतात. अपॉइंटमेंट किती तास आधी रद्द केली तर पैसे लागत नाहीत हे पण विचार, बऱ्याच जणांकडे २४ तासांचा नियम असतो.

ऑनलाइन असेल तर दार बंद होणारी खोली, इयरफोन, फोन चार्ज. सुरुवातीला त्या तू आत्ता कुठे बसलायस आणि इमर्जन्सीला कुणाला फोन करायचा हे विचारतील, ती चौकशी म्हणजे बायकोला फोन लावायची तयारी नाहीये, कॉल मधेच तुटला तर काय करायचं याची सोय आहे. आणि प्रत्यक्ष जाणार असशील तर सेशननंतर लगेच मीटिंग लावू नकोस, तासभर तरी मोकळा ठेव.

बायकोचं. सांग, माझं स्पष्ट मत आहे, आणि शक्य असेल तर गुरुवारच्या आधी सांग. सगळी चार पानं नको. 'मला काही महिने झोप नाही, मी चिडतोय ते तुमच्यामुळे नाही, गुरुवारी सायकॉलॉजिस्टकडे जातोय' एवढं पुरे. कारण तिला काहीतरी बिनसलंय हे कळलेलं आहेच, पहाटे तीनला शेजारचा माणूस कूस बदलत पडलेला असला की कळतंच, आणि कारण माहीत नसलं की माणूस त्याहून भलतं कारण शोधून काढतो. त्या प्लॅनच्या कागदावर फोन करायला एक नाव लागणार आहे, ते तिचं असलं तर तिला आधी थोडी कल्पना हवी. ती गुरुवारी संध्याकाळी विचारेल, काय झालं, काय म्हणाल्या. 'आज नको, दोन दिवसांनी सांगतो' म्हटलेलं चालतं, आत काय बोललास ते सगळं सांगायला तू बांधील नाहीस, नवऱ्या-बायकोतही नाही. पुढेमागे तिला एखाद्या सेशनला सोबत न्यावंसं वाटलं तर आधी मॅडमना विचार, त्या तिला तासातल्या थोड्या वेळापुरतं बोलावतील, किंवा दोघांचं एकत्र काम करायचं असेल तर बहुधा दुसऱ्या कुणाचं नाव देतील, कारण एकाची थेरपिस्ट असताना जोडप्याची थेरपिस्ट होणं बरेच जण टाळतात.